एकमेकांना न विचारता

४ फेब्रुवारी

प्रिय ठकूस,

तुझं वर्तुळांचं पान मिळालं. भरून सोबत जोडलं आहे. पेन्सिलीनं भरलं, कारण दोनदा खोडावं लागलं, आणि पेनाची खोडाखोड दिसली की वाचणारा उगाच तिचा अर्थ लावत बसतो. तू तर लावशीलच.

आधी तक्रारी. एकात एक तीन वर्तुळं, मधोमध ‘मी’, आणि सूचना काय, तर ‘जवळची माणसं जवळ लिहा.’ अगं, जवळची म्हणजे कशी? रोज भेटतात ती? मग माझा दूधवाला तुझ्या आईपेक्षा जवळचा. सूचना अशी असावी की दोन अनोळखी माणसांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून वाचली तरी दोघांनी एकच गोष्ट करावी. मी कॉलेजची पायरी चढलो नाही, पण एवढं तुझ्या प्राध्यापकांना खुशाल ऐकव. दुसरं म्हणजे, बाहेरच्या वर्तुळाची रेघ आतल्या दोन रेघांपेक्षा जाड छापली आहे. माणसाला ती कुंपणासारखी वाटते आणि तो कुणालाही कुंपणाला टेकवून उभं करायला कचरतो.

आता माझं पान. बाहेरच्या वर्तुळात दूधवाला, वाचनालयातले गृहस्थ आणि आमच्या कचेरीतले ‘मधले’. मधल्या वर्तुळात तुझी आई. (तिला सांगू नकोस.) सगळ्यात आत तू आणि समोरच्या खोलीतल्या बाई.

हे पत्र कचेरीतच लिहितो आहे. पाचचा सुमार आहे. या वेळी बोळातल्या फरशीवर समोरच्या दाराखालून उजेडाची एक पट्टी येते आणि हळूहळू माझ्या दारापर्यंत सरकते. मग दिवा विझतो आणि पट्टी मागे घेतली जाते. मी तेव्हाच उठतो.

तुझा मामा

१२ फेब्रुवारी

मामा,

आईला मधल्या वर्तुळात टाकलंस! धाकट्या भावाचे एवढे लाड केले, त्याचं हे फळ. काळजी करू नकोस, तुझं पान मी कुलपात ठेवलंय.

जाड रेघेचं प्राध्यापकांना सांगितलं. ते म्हणाले, ‘हे कुणी पाहिलं? आम्ही सहा जणांनी पान तपासलं होतं.’ मी म्हटलं, ‘माझा मामा आहे. तो माणूस बघायच्या आधी त्याच्या सदऱ्याची बटणं मोजतो.’

आता ऐक. संस्था माणसाला काम देते, पगार देते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती नातीही देते का, आणि दिली तर त्या नात्यांना काही नाव असतं का, हा माझा अभ्यास. तुझ्याच संस्थेचा होकार आलाय. मार्चमध्ये तुम्हा सगळ्यांना नवं, बारीक रेघेचं पान मिळेल. त्यावर नाव नसेल, क्रमांक असेल. क्रमांक कुणाचा, ते फक्त मला कळेल.

आणि या बाई कोण? इतक्या वर्षांत तुझ्या तोंडून कधी उल्लेख नाही, आणि एकदम माझ्या शेजारी आणून बसवलंस? ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस.

ठकू

२० फेब्रुवारी

प्रिय ठकूस,

लपवण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखंही फार नाही, म्हणून सांगितलं नव्हतं.

आमची माणसं घरोघर जाऊन कुटुंब-पत्रकं भरून आणतात. घरात कोण कोण राहतं, त्यांचं एकमेकांशी नातं काय, चूल एक की दोन, रुसवा आहे का, असल्यास किती वर्षांचा. लोक उत्तरं शब्दांत देतात आणि आम्ही त्या शब्दांचे आकडे करतो. नवरा एक, बायको दोन, मूल तीन, असं करत ‘इतर’ नऊपर्यंत. एकाच्या हातून चूक होते म्हणून प्रत्येक पत्रक दोघं भरतात, एक मी आणि दुसऱ्या त्या. दोघांनी एकमेकांना न विचारता भरायचं, हा नियम. मग ‘मधले’ (त्यांची खोली बोळाच्या टोकाला, आमच्या दोन दारांच्या मधोमध, म्हणून हे नाव) दोन्ही कागद शेजारी ठेवून ताडून पाहतात.

एकवीस वर्षं झाली. शंभरात सत्त्याण्णव वेळा आमची उत्तरं जुळतात. मधले म्हणतात, इतकं तर त्यांच्या घरात जेवायला काय करायचं यावरही जुळत नाही.

पण मला त्या कळल्या त्या उरलेल्या तिनांतून. एका घरी एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांचं आजारपण काढायला ठेवलेली बाई म्हातारे बरे झाल्यावरही तिथंच राहिली. चौदा वर्षं. नात्याच्या रकान्यात म्हाताऱ्यानं लिहून दिलं होतं, ‘ती आहे.’ एवढंच. मी नऊ घातला, इतर. नियमानं तेच बरोबर. समोरच्या खोलीनं घातला दोन. मधल्यांनी माझ्या बाजूनं निकाल दिला, पण घरी जाताना वाटेत मला सगळ्या खिडक्यांतून तीच दोन माणसं दिसत राहिली. एका घरात ती दिवा लावत होती, पुढच्या घरात तो पडदा ओढत होता. गल्ली संपली तरी ती दोघं संपेनात. अशा वेळी मला वाटतं, आम्ही भरलेली सगळी पत्रकं शहरभर अशी उजेडात बसलेली आहेत आणि त्यांच्यातून चालणारी माणसं जगात दोनच आहेत.

आता तूच सांग, त्यांना कुठल्या वर्तुळात लिहायचं होतं?

मामा

१ मार्च

मामा,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा गॅलरीत उभी राहून वाचलं आणि समोरच्या इमारतीतल्या खिडक्या मोजत बसले. तुझा रोग मला लागलाय.

एकच विचारते. बाईंशी तू बोललायस का कधी?

ठकू

९ मार्च

प्रिय ठकूस,

‘नमस्कार’ आणि ‘आज उकडतंय’ असं बऱ्याचदा. थंडीत दुसरं वाक्य बदलतं.

कामाबद्दल न बोलण्याचा नियम आहे. इतर विषयांवर बोलायला हरकत नव्हती, पण इतर विषय मला येतात कुठं? आणि सुरुवात केली की गाडी कामावर घसरणार, हे ठरलेलं. म्हणून मी तो नियम थोडा रुंद करून घेतला.

मामा

१८ एप्रिल

प्रिय ठकूस,

महिनाभर पत्र नाही याचं कारण आहे. कचेरीत यंत्र आलं. कपाटाएवढं आहे आणि पत्रक आपणच वाचतं. आता यंत्र एक कागद भरणार आणि माणूस दुसरा. म्हणजे आम्हा दोघांतला एकच पुरे. दुसऱ्यानं शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या पत्रकांच्या दप्तरखान्यात जायचं. बसनं तासभर. संचालकांनी सांगितलंय, कुणाला जायचं असेल त्यानं मेअखेरपर्यंत अर्ज द्यावा. कुणीच दिला नाही, तर जो नंतर लागला तो जाईल. बाई माझ्यानंतर आठ महिन्यांनी लागल्या.

ठकू, आयुष्यात तुझ्याकडे मी काही मागितलं नाही. आता मागतो. बारीक रेघेची पानं तुझ्याकडे पोचली असतील. बाईंचंही पोचलं असेल. त्यांच्या पानावर मी आहे का? कितव्या वर्तुळात, ते विचारत नाही. नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’. ‘हो’ असेल तर दोघांनी मिळून काही मार्ग काढावा असं म्हणायला मला तोंड राहील. ‘नाही’ असेल तर मी मुकाट्यानं अर्ज देईन. त्यांना तरी त्यांची खोली राहील.

मामा

२५ एप्रिल

मामा,

नाही सांगता येणार.

मी नववीत होते, तुझ्याकडे सुट्टीला आले होते. तुझ्या टेबलावरचं एक पत्रक उचलून वाचायला लागले, तर तू माझ्या हातातून ते काढून घेतलंस. ओरडला नाहीस. म्हणालास, ‘या माणसानं हे आपल्याला सांगितलेलं नाही. त्यानं कागदाला सांगितलंय.’ मी हा विषय घेतला तो त्या वाक्यामुळे. आज तूच मला कागदाशी बेइमानी करायला सांगतोयस?

अठ्ठेचाळीस लोकांनी माझ्यावर विश्वास टाकलाय. त्यांतल्या एकाचंही पान मी दुसऱ्याला दाखवणार नाही, दुसरा माझा मामा असला तरी. विशेषतः मामा असला तर.

रागावू नकोस. मला हे लिहिताना बरं वाटत नाहीये. किती वाईट वाटतंय हेसुद्धा सांगता येत नाही, कारण त्यावरूनही तू काहीतरी ताडशील.

ठकू

३ मे

प्रिय ठकूस,

तू वागलीस ते बरोबर वागलीस. तुझा मला अभिमान आहे, हे आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना विसरणार नाहीस.

पण एकवीस वर्षं मी लोकांच्या उत्तरांमागचं उत्तर शोधत आलो. ‘हो’ असतं तर तू चार ओळींत मला झटकून टाकलं असतंस, वर एखादी कोटी केली असतीस. तुझ्या पत्रात एकही कोटी नाही. आणि शेवटी ‘बरं वाटत नाहीये’. हातच्या काकणाला आरसा कशाला? मला उत्तर मिळालं. तू दिलं नाहीस, मी घेतलं. तुझ्यावर काही बालंट नाही.

बुधवारी अर्ज देतो आहे. दप्तरखाना मी पाहिलेला आहे. छताजवळ लांबट खिडक्या आहेत आणि दुपारी त्यांतून उतरणाऱ्या उन्हात कागदाची धूळ इतकी सावकाश खाली येते की ती पडते आहे की वर चालली आहे, सांगता येत नाही. चाळीस वर्षांतली घरं तिथं गठ्ठ्यांत बांधून ठेवली आहेत. त्या सगळ्यांत मी एकटा. मला करमेल.

मामा

७ मे

मामा,

अर्ज देऊ नकोस! आणि दिला असलास तर परत घे.

तू माझ्या पत्राचाही आकडा केलास. कोट्या नाहीत म्हणजे ‘नाही’! सुतावरून स्वर्ग गाठणारे खूप पाहिले, सुतावरून दप्तरखाना गाठणारा तूच. मी काय पाहिलं ते सांगणार नाही. पण तू ताडलंस ते चुकीचं आहे, एवढं सांगते. आणि याच्या उलट जे असेल तेही ताडू नकोस, ते पण चुकीचं आहे.

मी अभ्यासातलं माणूस म्हणून बोलत नाहीये आता. भाची म्हणून बोलतेय. माझ्याकडून उत्तर मागवण्याऐवजी बोळ ओलांड. किती पावलं आहेत? तुला नक्की माहीत असणार. जा आणि दार ठोठाव. त्या बाईंकडे कुणीतरी जायला हवं, मामा. खरंच जायला हवं.

ठकू

१९ मे

प्रिय ठकूस,

नऊ पावलं आहेत.

तुझं पत्र पोचलं तोवर अर्ज देऊन झाला होता. शिवाय संचालकांनी मला बोलावलं. म्हणाले, ‘हा काय प्रकार आहे? दोघांनाही जायचंय? मग इथली पत्रकं कोण भरणार, मी? आपसांत ठरवा आणि मला सांगा.’ म्हणजे बाईंनीही अर्ज दिला होता. माझ्या दोन दिवस आधी.

ठकू, मी त्या बोळात किती वेळ उभा होतो, सांगता येत नाही. मला वाटलं, हीच ती गोष्ट. शंभरात सत्त्याण्णव. न विचारता, न ठरवता, दोघांनी एकमेकांसाठी एकच उत्तर लिहिलं. मग मी दार ठोठावलं.

‘उघडंच आहे,’ आतून आवाज आला. ‘एकवीस वर्षं उघडंच आहे.’

खोली माझ्या खोलीसारखीच, फक्त उलटी. टेबल डावीकडे, खिडकी उजवीकडे. आरशात शिरल्यासारखं झालं. मी उभ्याउभ्याच म्हणालो, ‘तुम्ही माझ्यासाठी एवढा त्याग करायला नको होता.’

बाईंनी चष्मा काढला. ‘कसला त्याग?’

‘अर्ज.’

आणि त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की मधले दारात येऊन डोकावून गेले. ‘अहो, दहा वर्षं या कामाचा मला कंटाळा आलाय! दप्तरखान्याची जागा निघाली, तशी मी दुसऱ्याच दिवशी अर्ज द्यायला निघाले होते. घाई दिसू नये म्हणून थांबले.’

मी म्हणालो, ‘पण आपली उत्तरं जुळतात. शंभरात...’

‘कंटाळलेल्या माणसाची उत्तरं चुकतात असं कुणी सांगितलं तुम्हाला? उलट जुळतात. मला पुढचं उत्तर वाचायच्या आधीच ठाऊक असतं. म्हणून तर कंटाळा.’

मग त्यांच्या लक्षात आलं. हसू थांबलं. ‘आणि तुम्ही का निघालात? तुमचा तर या कागदांत जीव.’

‘तुम्हाला तुमची खोली राहावी म्हणून.’

खिडकीबाहेर कुणीतरी दोरीवरचे कपडे काढत होतं, तिकडे त्या पाहत होत्या. मग त्या रागावल्या. ठकू, माझ्यावर असं कुणी रागावल्याला फार वर्षं झाली.

‘मला विचारलंत?’

‘नियम होता...’

‘नियम पत्रकांचा होता. मी पत्रक आहे का? माझं भलं कशात आहे ते तुम्ही तुमच्या खोलीत बसून ठरवलंत, आणि तेही चुकीचं. मी मनापासून मागितलेली जागा तुम्ही उपकार म्हणून घेऊन चालला होतात!’

मी म्हणालो, ‘चुकलं.’ हा शब्द कचेरीत मी पहिल्यांदाच उच्चारला असावा, कारण त्याही चपापल्या. मग म्हणाल्या, ‘बसा आता. उभं राहून माणूस चुकला की जास्त उंच दिसतो.’

मी अर्ज मागे घेतला. त्या एक जूनपासून दप्तरखान्यात जातात. तुझ्या पानाचं मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, ‘तुमच्या भाचीचा कागद मी कोरा परत केलाय. आयुष्यभर लोकांची माणसं खणांत बसवली. माझी मी बसवणार नाही. तिला सांगा, राग नाही.’

राग नाही, असं सांगितलंय.

मामा

२६ मे

मामा,

बाईंनी स्वतःच सांगितलं, म्हणून आता लिहिते. ते पान बघून मी रडले होते. तीन रिकामी वर्तुळं आणि मधे ‘मी’. मला वाटलं, या बाईंना अख्ख्या जगात कुणी नाही. म्हणून तुला एवढं ढकललं. म्हणजे मीही तुझ्यासारखंच केलं. त्यांना न विचारता माझ्या खोलीत बसून त्यांना एकटं ठरवून टाकलं. मामाभाची शोभतो.

प्राध्यापक म्हणतात, कोऱ्या पानाला ‘प्रतिसाद नाही’ असं लिहायचं. मी म्हटलं, हाच सगळ्यात मोठा प्रतिसाद आहे. आमचं भांडण चालू आहे. मला वाटतं मी हरेन, पण प्रबंधात एक प्रकरण त्या पानावर लिहीनच. बाईंना पत्र पाठवून परवानगी मागितली आहे. त्या ‘नाही’ म्हणाल्या तर लिहिणार नाही.

आणि तू? त्या गेल्यावर तू काय करणार?

ठकू

११ जून

प्रिय ठकूस,

काय करणार, हे पहिला आठवडा मलाही कळलं नाही. समोरची खोली बंद आहे. बोळात पट्टी येत नाही, त्यामुळे कधी उठायचं ते समजत नाही. दोनदा रखवालदारानं हटकलं. यंत्र शहाणं आहे. त्याची आणि माझी उत्तरं शंभरात नव्याण्णव जुळतात, आणि जुळली की मला काही वाटत नाही.

काल एक पत्रक आलं. तीन माणसांचं घर. दोघी बहिणी आणि एक गृहस्थ. बहिणींपैकी एकीशी त्या गृहस्थांचं लग्न झालं होतं, पुढे मोडलं, पण घर मोडलं नाही. तिघं चाळीस वर्षं एकत्र राहतात. ‘नातं काय?’ या प्रश्नाला तिघांनी तीन वेगळी उत्तरं दिली आहेत आणि तिघांनी इतर दोघांच्या उत्तराखाली सही केली आहे. यंत्रानं क्षणात तीन वेळा नऊ घातला. मी पेन्सिल हातात धरून बसलो. अर्धा तास गेला.

मग माझ्या डोक्यात आलं, की न विचारण्याचा नियम दोघं भरणारे असताना होता. दुसरं माणूस आता उरलेलं नाही, म्हणून नियमही उरलेला नाही. मी मधल्यांच्या खोलीत जाऊन फोन उचलला. तुला माहीत आहे, फोनवरच्या बोलण्याचा पुरावा राहत नाही म्हणून मला फोन आवडत नाही.

नाव-पत्ता सोडून सगळं सांगितलं. बाई ऐकत होत्या. मागे त्यांच्याकडे गठ्ठा ओढल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

म्हणाल्या, ‘तुम्हाला काय वाटतं?’

मला काय वाटतं, हे कामाच्या बाबतीत मला कुणी विचारलं नव्हतं; काय बरोबर, हे विचारत असत. मी बोलत राहिलो. त्या मध्येमध्ये ‘छे!’ म्हणत होत्या. प्रत्येक वाक्यावर आमचं वाजलं. धाकटी बहीण कुणाची कोण, यावर तर त्या जवळजवळ ओरडल्या. मधले चहाचा कप हातात धरून नुसते पाहत राहिले. चाळीस मिनिटांनी आमच्यात एका गोष्टीवर एकमत झालं, ते म्हणजे हे असं फोनवर ठरायचं नाही.

‘शनिवारी या,’ त्या म्हणाल्या. ‘इथं दुपारी ऊन चांगलं येतं. आणि कागद आणू नका, कागद बाहेर नेता येत नाही.’

तो नियम मला ठाऊक आहे. म्हणून आज सकाळपासून ते घर पाठ करतो आहे. कोण कधी उठतं, कुणाची खोली कुठली, दिवेलागणीला तिघांपैकी कोण कुणाला हाक मारतं. शनिवार परवा आहे आणि अजून धाकटीचं सगळं पाठ व्हायचंय, म्हणून पत्र इथंच थांबवतो.

तुझा मामा